कल्ले न बघता घेतलेली गाडी

“वास कसलो रे हो?”

शंकर मिस्त्रीने गाडीचं मागचं दार उघडून डोकं आत घातलं आणि घातलं तसंच बाहेर काढलं.

“कसलो म्हणजे? आयेच्या टोपलेचो,” नितेश म्हणाला. तेही आईकडे न बघता, टायरकडे बघत.

टोपलीची मालकीण, म्हणजे त्याची आई सत्यवती, चार पावलांवर माडाला टेकून उभी होती. गेले आठ दिवस ती या विषयावर बोललीच नव्हती. पण आज मुद्दाम आली होती. “तू कित्या येतंस? गाडयेतला तुका काय कळता?” असं नितेशने विचारलं तेव्हा तिने पुढच्या सीटवर बसकण मारली होती आणि एवढंच सांगितलं होतं, “माझ्या मासळीन गाडी कुजली काय नाय, ता माका मिस्त्रीच्या तोंडातसून आयकूचा आसा. कुजली असात तर मी आपली एसटीन जातंय. मगे परत ती गजाल नको.”

या गाडीत टोपलीला जागा आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. टोपलीला नसेल तर सत्यवतीलाही नव्हती.

गाडी पांढरी होती, डिझेलवरची, दहा वर्षं वापरलेली. दसऱ्याला घेतली, त्याला सहा आठवडे झाले होते. पैसा सगळा सत्यवतीचा. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच्या आधीपासून, एकूण तीस वर्षं, ती मालवणच्या जेटीवर पहाटे लिलावात मासळी घ्यायची आणि बसमध्ये टोपली चढवून चौके, धामापूर, नेरूरपार, वालावल अशी दारोदार विकायची. त्या बसमधली तीस वर्षं म्हणजे काय, हे टोपली डोक्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. टोपली चढली की नाकाला रुमाल लागायचे. कुणी खिडकी उघडायचं, कुणी कंडक्टरला म्हणायचं, “ह्यांना मागे पाठवा.” त्यातला एकजण तर तिचं रोजचं गिऱ्हाईक होता. सकाळी सहाच्या बसमध्ये त्याला तिचा वास यायचा, आणि दुपारी बाराला तिच्याच सरंग्याची तुकडी त्याच्या पानात असायची, तेव्हा त्याला सुवास यायचा. नाक तेच. लाज नावाची चीज त्या नाकाला नव्हती, एवढंच.

म्हणून तिने गाडी घेतली. हौस म्हणून नाही. आणि गाडीत ती मासळी तरी कशी नेत होती? खाली जाड निळी ताडपत्री, तिच्यावर रबरी मॅट, तिच्यावर झाकणाचा बर्फाचा खोका. तिला जन्माची सवय म्हणून खोक्यालाही ती टोपलीच म्हणायची. रोज घरी आल्यावर ताडपत्री धुवायची, उन्हात टाकायची. स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा ती जागा जास्त स्वच्छ होती.

तरी गाडी कुजली होती.

“रोग काय काय ते सांग,” शंकर म्हणाला. दांडीच्या किनाऱ्यामागे माडांच्या सावलीत त्याची शेड होती. पाटी नाही, नाव नाही. आजूबाजूला होड्यांची इंजिनं, पंखे, गिअरबॉक्स मेलेल्या जनावरांसारखे पडलेले. चाळीस वर्षं तो होड्यांची इंजिनं उघडत होता आणि मोटारगाड्या त्याच्याकडे येत त्या बाकीच्यांनी हात टेकल्यावर.

नितेशने बोटं मोजली. “सकाळी स्टार्ट घेवक वेळ लावता. चढावार झटके मारता. डावीकडे वळवलंय की हॉर्न आपसूक वाजता. मागची डावी काच आपसूक खाली पडता. आणि वास.”

“आणि आधी कोणी बघल्यानी?”

“एकान लॅपटॉप लावलो, म्हणालो इंजेक्टर गेले. दुसऱ्यान बॉनेट पण उघडूक नाय. मागचो खोको बघल्यान आणि म्हणालो, मासळी भरतास मां? खारा पाणी वायरिंगात गेला, संपला.”

“लॅपटॉपवालो म्हणता इंजेक्टर, बिगरलॅपटॉपवालो म्हणता मासळी,” शंकर म्हणाला. “आणि ज्येणा इकली, तो काय म्हणता?”

यावर नितेशने आईकडे पाहिलं. गाडी विकली होती वालावलच्या गुरुदासनी. सरकारी कचेरीत कारकून होते, आता निवृत्त. बावीस वर्षं सत्यवती त्यांच्या दारात मासळी देत होती. नितेशने फोन केला तेव्हा हे गुरुदास, ज्यांनी जन्मात तिच्याशी मालवणीशिवाय बोलणं केलं नव्हतं, ते एकदम कचेरीतल्या टेबलामागे जाऊन बसले. “हे पाहा, मी वाहन दिलं तेव्हा ते उत्तम स्थितीत होतं. त्यानंतर त्याचा वापर कसा झाला, त्याला मी जबाबदार नाही. मासळीची वाहतूक केल्यावर दुसरं काय होणार?” फोन स्पीकरवर होता. सत्यवती चुलीपाशी बांगडे कापत होती. तिने ऐकलं. हातातली सुरी थांबली नाही, पण त्या दिवशीच्या तुकड्या वाकड्यातिकड्या झाल्या.

त्याच रात्री जेवताना नितेशने निकाल दिला. टोपली गाडीत नाही. गाडी दुरुस्त करून तो टुरिस्टांना तारकर्लीला फिरवणार. आई पूर्वीसारखी बसने जाईल. आठ दिवस ती बसने गेलीही. पहिल्याच दिवशी एक बाई तिला हसून म्हणाली, “काय गो, गाडी घेतलंस म्हणान आयकलंय?”

शंकरने बॉनेट उघडलं. इंजिन चालू करायला लावलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. होडीचं इंजिन तो असंच ऐकायचा. एक एक जागा ऐकत पुढे गेला.

“इंजेक्टर गेले म्हणता तो?” तो डोळे न उघडता म्हणाला. “चारय जण बरे बोलतत. झटके कधी देता?”

“कधीय देता,” नितेश म्हणाला.

“कधीय नाय,” सत्यवती माडाकडूनच म्हणाली. “टाकी भरल्यार पयले दोन दिस देता. धामापूरच्या चढार जास्ती. मगे कमी होता. मगे परत टाकी भरली काय परत.”

शंकरने डोळे उघडले. “हा. गाडयेतला कळता मगे तुका.” मग नितेशला, “डिझेल खयसून भरतंस?”

“पंपार.”

“पंपार खय?” सत्यवती म्हणाली. “मागीलदारी भरता ता सांग मां.”

“आये, तू गप रव बघू!”

“मागीलदारी पंप आसा काय तुमच्या?” शंकर म्हणाला आणि हसत हसतच त्याने इंजिनाशेजारी डिझेलच्या फिल्टरखालचा छोटा स्क्रू ढिला केला. खाली रिकामी काचेची बाटली धरली. बाटली अर्धी झाल्यावर ती त्याने उन्हात इंजिनाच्या ठोकळ्यावर ठेवली आणि विडी पेटवली. तिघेही बाटलीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने वर पिवळसर डिझेल आणि खाली दोन बोटं पाणी असे दोन थर वेगळे झाले.

शंकरने डिझेल ओतून दिलं, खालच्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

“दर्यो आसा ह्यो.”

“बघ!” नितेश उसळला. “खारा पाणी! सांगलंय मां मी?”

“मेल्या, तुझ्या आयेची टोपली मागे आसा. ती काय उडी मारून डिझेलच्या टाकयेत जाता?” शंकरने बाटली त्याच्या नाकापुढे धरली. “ह्या होडयेच्या कॅनातला डिझेल. कॅन होडयेत उघडो, वरसून लाटेचे शिंतोडे. होडयेच्या इंजिनाक ता चलता, ता अडाणी इंजिन. ह्या शिकलेला. ह्येका सगळा गाळून व्हया. तू ह्येका दर्यो पाजतंस आणि आयेक नावा ठेवतंस?”

नितेशचे कान लाल झाले. होड्यांना मच्छीमार सोसायटीकडून सवलतीत मिळणारं डिझेल तो घरामागे गाडीत ओतत होता, आणि ते आईला माहीत नाही अशी त्याची समजूत होती. मागीलदारी काय चालतं हे आईला माहीत नसतं असं समजणारे मुलगे चाळिशीपर्यंत तसेच राहतात.

“बरा, झटक्यांचा माझ्यार,” तो पुटपुटला. “पण हॉर्न? काच? वास? त्याचा काय?”

शंकरने पुढच्या सीटखालचं पायपुसणं उचललं. गालिच्याची कड पकडली आणि ओढली. खालचा फोम काळा, फुगलेला होता. त्याने मुठीत धरून पिळला. तपकिरी पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं आणि वासाचा एक भपकारा आला.

“हा बघ,” नितेश म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. त्याला वाईटच वाटलं असावं. “आये, बघ. झिरापला मगे.”

सत्यवतीने माडाचा टेकू सोडला. तीस वर्षं ऐकत आलेली गोष्ट शेवटी खरी होती तर. एवढी ताडपत्री, एवढं धुणं, आणि तरी पाणी गेलंच. तिच्या अंगालाच ते असेल. बसमधले लोक खोटं बोलत नसतील. क्षणभर तिला वाटलं, मुकाट वळावं, रस्त्यावर जाऊन बसला हात दाखवावा.

पण ती वळली नाही. पुढे आली, गुडघे टेकून बसली आणि तिने त्या फोमला नाक लावलं. शंकर आणि नितेश बघत राहिले. तिने फोमचा तुकडा तोडला, बोटांत चुरडला, परत हुंगला.

मासळी किती तऱ्हांनी कुसते ते तिला पाठ होतं. बांगडा कुसला की आंबटसर वास मारतो, मोरी मासळी नाकात झोंबते, कोळंबीचा गोडूस असतो. अंधारात नुसत्या वासावर तिने सांगितलं असतं की कुठला मासा आणि किती दिवसांचा. हा त्यातला एकही नव्हता. हा भातशेताच्या कोपऱ्यात पाणी तुंबून पेंढा कुजतो, तो वास होता.

“हो माझो वास न्हय,” ती म्हणाली.

“आये...”

“हो माझो वास न्हय! मासळीचो न्हयच. ह्यो चिखल आसा. गोड्या पाण्याचो.”

शंकर तिच्याकडे बघत होता. मग त्याने ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा पट्टा धरला आणि ओढला. ओढतच गेला. पट्टा हातभर आला, दोन हात आला, आणि अगदी शेवटची वीतभर लांबी आली ती चहात बुडवल्यासारखी तपकिरी. तिथे एक रेघ होती, आखल्यासारखी.

“मॅट धुवतत, सीट धुवतत, गालिचो धुवतत,” शंकर म्हणाला. “पट्टो पुरो वडून कोण धुवणा नाय. गाडी पाण्यात होती, नितेश. हयपर्यंत.” त्याने सीटच्या बसायच्या जागेवर हात आडवा ठेवला. “वायरींचे जोड खाली असतत, ते हिरवे झाले असतले. म्हणान हॉर्न, म्हणान काच, म्हणान सकाळी स्टार्ट नाय. टोपलेच्या पाण्याक इतक्या वर चढूक शिडी लागात.”

सत्यवतीने तोवर मागची डिकी उघडली होती. आपली ताडपत्री, मॅट, खोका तिने खाली काढून ठेवला. तळाची फळी उचलली. जादा चाकाच्या खळग्यात वाळलेल्या चिखलाची पपडी होती. तिने बोटाने ती खरवडली आणि काहीतरी उचललं. नखाएवढा काळा शिंपला होता.

“खुबो,” ती म्हणाली.

“दर्यातलो?” नितेशने विचारलं.

“दर्यार खयसून? खाडयेच्या वरच्या अंगाक, जय गोडा पाणी मिसाळता, थयच्या चिखलात गावता हो.” ती तो तळहातावर उलटसुलट करत राहिली. “वालावलच्या बायका माका बांगड्यांच्या बदल्यात देतत.”

मग ती तिथेच डिकीच्या कडेवर बसली.

यंदाच्या जुलैत वालावलला खाडीचं पाणी गावात शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी सत्यवती सुकी मासळी घेऊन गुरुदासांकडे गेली होती. सरलावहिनी, म्हणजे त्यांची बायको, पडवीत एकटी चिखल उपसत होती. सत्यवतीने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि दुपारपर्यंत तिच्याबरोबर चिखल उपसला. त्यामुळे गाडी घेताना तिने विचारलं होतं. विचारलं नव्हतं असं नाही. “पुराच्या पाण्यात गावलेली नाय मां ही?” तर गुरुदास म्हणाले होते, “छे गो, तेव्हा गाडी पुष्करकडे पुण्याक होती.” पुष्कर त्यांचा मुलगा.

आणि तिने पुढे बघितलं नाही. तिने, जी लिलावात एकसुद्धा मासा कल्ले उघडून लाल रंग बघितल्याशिवाय उचलत नव्हती आणि गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दाखवल्याशिवाय देत नव्हती, तिने गाडीचा साधा गालिचा उचलून बघितला नाही. का?

तिला कारण माहीत होतं. ते ती शंकरला सांगणार नव्हती, नितेशलाही नाही. बावीस वर्षं ती त्या घरात पडवीच्या पायरीपर्यंत गेली होती. पाणी मागितलं तर कोनाड्यात तिच्यासाठी वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला. ती चिखल उपसायला आत गेली होती तेवढंच. पण गाडी बघायला गेली त्या दिवशी गुरुदास स्वतः पुढे आले, “भायर कित्या, आत ये, आत ये,” म्हणाले. आतल्या खोलीत खुर्ची दिली. चहा कपबशीतून आला, सोनेरी काठाच्या. तो कप हातात घेऊन बसल्यावर उठून गालिचा उचलायचा? माणसाने मान दिल्यावर त्याचे कल्ले तपासायचे? नितेश गाडी घेऊन देवळापर्यंत सपाट रस्त्याने गेला आणि गाणी ऐकत परत आला. आरशाला मोगऱ्याच्या सेंटची बाटली लटकत होती. तिला वाटलं होतं, काय टापटिपीची माणसं.

एका कपभर चहाला ती फसली होती. लोक म्हणतील बाईमाणूस, अडाणी, गाडीतलं काय कळतं. कळत होतं तिला. पण त्या खुर्चीने तिचे हात बांधले. आणि ज्याने खुर्ची दिली त्याला हे बरोबर माहीत होतं, कारण बावीस वर्षं ती खुर्ची त्यानेच दिली नव्हती.

“चल,” नितेश म्हणाला. “आताच्या आता वालावलाक. मानगूट धरतंय त्येची.”

“कागदार सही झाली मां?” शंकर म्हणाला. “मगे मानगूट धरून पोलिसात तूच जातलंस. आदी गाडी उभी रवांदे.”

तीन दिवस गाडी शंकरच्या शेडमध्ये राहिली. डिझेलची टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर नवा बसवला. वायरींचे हिरवे पडलेले जोड एक एक करून घासले, अर्थिंगची तार बदलली. फोम फेकून दिला. गालिचा दोन दिवस माडांच्या मध्ये दोरीवर टांगला होता, येणारेजाणारे विचारत होते कसलं कातडं म्हणून. वास गेला. हॉर्न गप्प झाला. सकाळी पहिल्या फिरकीला गाडी चालू झाली.

“काच तेवढी ऱ्हवली,” शंकर म्हणाला. “दाराच्या आतली मोटर कुजली. पार्ट मिळाक नाय. तिच्या मनात इला काय पडतली. हातान धरून वर चढव.”

रविवारी पहाटे सत्यवती जेटीवरून आली तर गाडी दारात डिकी उघडून उभी होती. ताडपत्री अंथरलेली, मॅट घातलेली. नितेशने तिच्या हातातला खोका घेतला आणि स्वतः चढवला. “सॉरी” वगैरे काही म्हणाला नाही. त्यांच्या घरात तो शब्द नव्हता. फक्त म्हणाला, “बर्फ जास्ती घाल. वालावलापर्यंत टिकाक व्हयो.”

धामापूरचा चढ गाडी गुमान चढली. नेरूरपारच्या पुलावर मागची काच खाली पडली, ती नितेशने थांबून दोन्ही हातांनी वर ओढली.

गुरुदास अंगणात पेपर वाचत बसले होते. पांढरी गाडी फाटकातून आत येताना बघून त्यांनी पेपर घडी केला. मग परत उघडला. मग परत घडी केला.

“ये गो सत्यवती! किती दिसांनी! सरला, खुर्ची हाड भायर.”

सरलावहिनी आतून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या, अंगणात ठेवली, पदराने पुसलीसुद्धा. “बस गो. चाय ठेवतंय.”

सत्यवती उभीच राहिली. नितेश दाराशी उभा होता, हाताची घडी घालून, कारण तसं त्याला बजावलं होतं.

“भाऊ, गाडी बरी झाली,” ती म्हणाली.

“बरा झाला! मी सांगलंय मां, उत्तम गाडी...”

“पाण्यात होती ती.”

“कोणी सांगला?” गुरुदास खुर्चीतून अर्धे उठले. “कोण तरी मिस्त्री काय तरी सांगता आणि तू इश्वास ठेवतंस? माझ्यार न्हय? बावीस वर्सां...”

“बावीस वर्सां,” सत्यवती म्हणाली. “तेतूर एक दिस तरी मी तुमका शिळो मासो दिलंय?”

गुरुदास परत खुर्चीत बसले.

“शिळो असलो तर मी सांगी, भाऊ आज नको, आज बरो नाय. टोपली भरलेली परत न्हेय. दिलंय काय कधी?”

“तसा न्हय गो... चार तास होती गाडी पाण्यात. जास्ती नाय. आम्ही पुरी धुवन घेतली...”

मघाशी कोणी सांगितलं म्हणून विचारणाऱ्या माणसाने आता तास मोजून दिले. नितेशने हाताची घडी सोडली. सत्यवतीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो जागीच राहिला.

“पैसे परत मागूक मी इलंय नाय,” ती म्हणाली. “गाडी मी ठेवतंय. चलता ती. पण तुमी फोनार माझ्या झिलाक सांगलात, माझ्या मासळीन गाडी कुजली. ता शब्द परत घेवा. हय, तेच्यासमोर. तितक्या झाला काय मी जातंय.”

गुरुदासनी घसा साफ केला. आणि परत ते त्या कचेरीतल्या टेबलामागे जाऊन बसले. “तसा माझा उद्देश नव्हता. काही गैरसमज झाला असेल तर...”

“तुमी सांगणास नाय तर मी सांगतंय,” सरलावहिनी म्हणाल्या.

त्या दारातच उभ्या होत्या, चहाचं आधण न ठेवता. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. नितेशकडे पाहून, घरामागच्या शेडकडे बोट करून म्हणाल्या, “तुझ्या आयेच्या मासळीन नाय रे. पुराच्या पाण्यान कुजली. गाडी ह्या मांगरात होती, पुण्याक न्हय. तुझी आये पडवीतलो चिखल काढी होती तेव्हा ती मागे मांगरात होती, वर ताडपत्री घालून. माका म्हायत होता.” मग सत्यवतीकडे वळल्या. चेहरा असा झाला की दुसरी कोणी असती तर पुढे होऊन तिने त्यांचा हात धरला असता.

सत्यवतीने धरला नाही. त्या दिवशी हिच्याबरोबर आपण चिखल उपसत होतो आणि ही दहा पावलांवरचं झाकून बोलत होती. हेही तिला दिसत होतं.

गुरुदास उठून आत गेले. पेपर अंगणात राहिला.

“मासो घेतास?” सत्यवतीने विचारलं.

सरलावहिनींनी नुसती मान हलवली आणि ताट आणायला गेल्या. सत्यवतीने डिकी उघडली, खोक्यातून चार बांगडे काढले. प्रत्येकाचे कल्ले अंगठ्याने उघडले, आतला लाल रंग वहिनींना दाखवला, एक एक करून, घाई न करता. चौथा दाखवून झाल्यावर ताटात ठेवला.

“बस गो घटकाभर,” वहिनी म्हणाल्या. “चाय तरी...”

“नको. फुडे घरा आसत.”

तिने पदराच्या गाठीतून तो काळा खुबा सोडला आणि पुसून ठेवलेल्या खुर्चीवर, अगदी मधोमध, ठेवला. मग गाडीत जाऊन बसली.

गाडी पहिल्या फिरकीला चालू झाली. फाटकाबाहेर पडून नितेशने डावीकडे वळवली, हॉर्न वाजला नाही. पुढच्या वाडीच्या वळणावर मागून खर्रकन आवाज झाला.

“पडली परत,” नितेश म्हणाला. “थांब, वर करतंय.”

“रवांदे.”

“आये, वास भायर जाता.”

“जावंदे,” सत्यवती म्हणाली. “कळांदे लोकांक.”

नितेशने गाडी हळू केली. उजवीकडच्या घराचं दार उघडलं आणि एक म्हातारी हातात ताट घेऊन पायरी उतरू लागली. तिच्या पलीकडच्या घराचंही उघडलं.